संशयाची नोंदवही: घरफोडी झाली की पोलीस त्याच वस्तीवर का जातात?

तालुक्याच्या गावी एका रात्रीत दोन बंद घरं फुटली, असं समजा. सकाळी शेजाऱ्यांना कडीकोयंडा उचकटलेला दिसला. मालक लग्नाहून घाईघाईने परतले, तर कपाट मोकळं. फिर्याद दाखल झाली, पंचनामा झाला, ठसेतज्ज्ञ आले, श्वानपथकाने डांबरी रस्त्यापर्यंत माग काढला. (बातमीतलं श्वान बहुतेक वेळा रस्त्यापर्यंतच माग काढतं.) इथवरचं सगळं आपल्या ओळखीचं असतं. पुढचा टप्पा मात्र बातमीत एका ओळीत उरकतो: पोलिसांनी काही संशयितांना ताब्यात घेतलं आहे. हे संशयित कोण, ते कुठून आणले, आणि नेमके तेच का, हे कोणी विचारत नाही.

महाराष्ट्रात या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा गावाबाहेरच्या माळावर सापडतं. तिथे पारध्यांची, कैकाड्यांची किंवा वडारांची चार पालं असतात आणि पोलिसांची गाडी पहाटे तिथे जाते. अशा वेळी एखाद्या वाईट पोलिसाला दोष देऊन विषय संपवायची आपल्याला सवय आहे. पण अधिकारी बदलतात आणि गाडी त्याच माळावर जात राहते. म्हणून माणसं थोडी बाजूला ठेवून यंत्रणा पाहू या.

सुरुवात ठाण्यावरच्या दबावापासून करावी लागते. घरफोडीचा तपास मुळातच अवघड असतो. साक्षीदार नसतो, चोरी नक्की किती वाजता झाली ते कळत नाही, सापडलेले ठसे जुन्या नोंदींशी जुळतीलच असं नसतं आणि सोनं एकदा वितळलं की त्याला ओळख उरत नाही. इकडे पोलीस अधीक्षकांच्या गुन्हे आढावा बैठकीत प्रभारी अधिकाऱ्याला आकडे विचारले जातात: दाखल किती, उघड किती, मुद्देमाल किती हस्तगत केला. उघड झालेला गुन्हा मोजला जातो. तो खऱ्या चोरापर्यंत पोचून उघड झाला की कसा, हे त्या तक्त्यात दिसत नाही. ते कळायचं तर न्यायालयाच्या निकालापर्यंत थांबावं लागतं आणि तोवर अधिकाऱ्याची बदली झालेली असते. हवालदाराची स्थितीही लक्षात घ्या. देशभरातल्या पोलिसांचा दिवस सरासरी १४ तासांचा असतो, असं कॉमन कॉज आणि सीएसडीएस या संस्थांच्या २०१९ च्या अहवालात नोंदलं होतं. बंदोबस्त, समन्स, आरोपींना कोर्टात नेणं-आणणं, मंत्र्यांचा दौरा, गणपती, ऊरुस, मोर्चा हे सगळं करून उरलेल्या वेळात त्याने चोर शोधायचा. मग तो सगळ्यात जवळची गोष्ट करतो. वही काढतो.

ही वही म्हणजे ठाण्यातलं जुनं रेकॉर्ड. हद्दीतले आधी पकडलेले लोक, त्यांची 'मोडस', म्हणजे गुन्हा करण्याची पद्धत, नातेवाईक, फोटो आणि काहींच्या नावाने उघडलेली हिस्ट्रीशीट. रेकॉर्ड तपासणं हे तपासाचं वाजवी पाऊल आहे, हेही सांगायला हवं. काही चोर खरोखरच पुन्हा चोरी करतात आणि जुन्या नोंदीवरून गुन्हे सुटतातही.

गोम आहे ती वही कशी भरत जाते यात. एक साधं गणित मांडू. दोन वस्त्या धरा. दोन्हीकडे सारखीच माणसं आणि त्यांत चोरही सारखेच. पहिल्या वस्तीवर पोलीस वर्षातून एकदा जातात, दुसरीवर दर महिन्याला. वर्षअखेरीला कोणाची नावं वहीत जास्त असतील? अर्थातच दुसरीची. पुढच्या वर्षी चोरी झाली की वही उघडली जाते, तिच्यात दुसरी वस्ती ठळक दिसते, मग तिथे दर पंधरवड्याला जायचं ठरतं. या चक्राला पोलिसाच्या मनात द्वेष असण्याची गरज नसते. वहीत गुन्ह्यांपेक्षा झडत्यांचा हिशोब जास्त असतो, पण ती वाचली जाते गुन्ह्यांचा हिशोब म्हणून. दुसऱ्या वस्तीवर पहिल्यांदा कोण आणि का गेलं, हे मात्र गणिताने सांगता येत नाही. त्यासाठी जवळजवळ दोनशे वर्षं मागे जावं लागतं.

१८३० च्या दशकात कंपनी सरकारने ठगांविरुद्ध मोहीम काढली. १८३६ च्या कायद्याने त्यासाठी एक नवी सोय केली. अमुक माणसाने अमुक खून केला हे सिद्ध करायची गरज उरली नाही. तो ठगांच्या टोळीतला होता एवढं दाखवलं की जन्मठेप. कृत्यावरून माणसावर आणि माणसावरून गटावर जाण्याची वाट इथे पडली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ती रुंद केली. त्यामागचा सरकारी युक्तिवाद असा, की हिंदुस्थानात धंदे जातीने चालतात, विणकराचा मुलगा विणकर होतो, तेव्हा गुन्हा हाच ज्यांचा पिढीजात धंदा अशाही जाती असणार. सरकारने एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर केली की तिच्यातल्या माणसांची नोंदणी व्हायची, आणि या जाहीरनाम्याच्या वैधतेवर कोणत्याही न्यायालयाला प्रश्न विचारता येणार नाही, असं कायद्यातच लिहून ठेवलं होतं. आपण चोर नाही हे सिद्ध करायला माणूस जाणार कुठे? तशी जागाच ठेवलेली नव्हती.

आधी हा कायदा उत्तरेकडे लागू झाला. १९११ च्या नव्या कायद्याने तो मुंबई इलाख्यासह सगळीकडे लागू करता येऊ लागला आणि १९२४ मध्ये त्याची पुन्हा एकत्रित बांधणी झाली. नोंदलेल्या माणसाने ठरलेल्या वेळी हजेरी द्यायची, मुक्काम हलवायचा तर आधी कळवायचं, बाहेर जायचं तर पास घ्यायचा. ठरावीक गुन्ह्यांत दुसऱ्यांदा दोषी ठरला तर किमान सात वर्षं, तिसऱ्यांदा काळं पाणी. संशयास्पद परिस्थितीत सापडला तर त्यासाठी वेगळी शिक्षा. सरकारला वाटलं तर अख्खी जमात उचलून वसाहतीत, म्हणजे 'सेटलमेंट'मध्ये ठेवता येई आणि मुलं आईबापांपासून तोडता येत. सोलापूर, हुबळी, विजापूर इथे अशा वसाहती झाल्या. सोलापुरात तारेच्या कुंपणाआडची माणसं हजेरी देऊन गिरण्यांत कामाला जात. गिरण्यांना मजूर मिळत होते, सरकारला सुधारणेचं श्रेय मिळत होतं; या व्यवहाराकडे निव्वळ कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न म्हणून बघणं भाबडेपणाचं होईल. सोलापुरात 'सेटलमेंट फ्री कॉलनी' हा पत्ता आजही चालू आहे.

या याद्यांत कोण होतं तेही पाहण्यासारखं आहे. रामोशी हे गावचे आणि गडांचे रखवालदार. मराठेशाही संपल्यावर गडांच्या चौक्या गेल्या, वतनं आटली, आणि ज्यांच्याकडे रखवाली होती त्यांच्यावरच पहारा बसला. त्यांच्यातल्याच उमाजी नाइकांनी बंड केलं आणि १८३२ मध्ये पुण्यात त्यांना फाशी झाली. कैकाडी टोपल्या विणायचे, वडार दगड फोडायचे, बंजारे बैलांवरून मीठ आणि धान्य वाहायचे, पारधी शिकार करायचे. रेल्वे आली तसा बंजाऱ्यांचा तांड्याचा व्यापार बसला. वनकायदे आले आणि पारध्यांची शिकार हाच गुन्हा ठरला. सतत फिरणारा, महसूल न भरणारा, कोणत्याही पाटलाच्या कागदात न मावणारा माणूस नव्या राज्याला खटकत होता.

हे काम एकट्या गोऱ्या साहेबांनी केलं असं मानून आपण मोकळे होऊ नये. मुंबई इलाख्यातल्या पोलिसांसाठी मायकेल केनेडी या अधिकाऱ्याने १९०८ मध्ये गुन्हेगार वर्गांवर टिपणांचं जाडजूड पुस्तक काढलं: कोणती जमात कशी दिसते, कशी बोलते, घर कसं फोडते. मराठीतही 'गुन्हेगार जाती' याच नावाचं पुस्तक १९११ मध्ये निघालं आणि त्याचे लेखक होते त्रिंबक नारायण आत्रे, 'गावगाडा'चे कर्ते. गावाचं इतकं बारीक निरीक्षण करणारा हा माणूस फिरस्त्यांकडे मात्र गावाला जडलेला भार म्हणूनच बघतो. गावाची आणि सरकारची नजर इथे एक झाली होती.

मुंबई प्रांताने १९४९ मध्ये आणि देशाने ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द केला. तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. महाराष्ट्राच्या यादीत विमुक्त जाती १४ आहेत. फासेपारध्यांची नोंद अनुसूचित जमातींत आहे. पण या कायद्याचा आढावा घेणाऱ्या अय्यंगार समितीने तो रद्द करण्याबरोबरच सराईत गुन्हेगारांसाठी वेगळा कायदा करावा असंही सुचवलं होतं, आणि राज्याराज्यांत तसे कायदे झाले. मुंबई राज्याचा १९५९ चा. कागदावर फरक मोठा होता: आता जन्म पाहायचा नाही, ठरावीक वर्षांत झालेल्या शिक्षा मोजायच्या. प्रत्यक्षात ठाणं तेच, कपाट तेच, वही तीच. कायदा रद्द करायला दुसरा एक कायदा पुरला, पण दशकानुदशकं जमवलेल्या नोंदी जाळून टाका असा आदेश त्यात नव्हता.

आता वर्तमानाकडे. आपल्या घरफोडीनंतर पोलिसांच्या हातात कोणती हत्यारं असतात?

पहिलं, महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चं कलम १२२. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात कोणी संशयास्पद स्थितीत सापडला आणि त्याला समाधानकारक खुलासा करता आला नाही, तर तो गुन्हा होऊ शकतो. कलम १२४ मालाबद्दल तेच म्हणतं: जवळच्या वस्तूचा समाधानकारक हिशोब देता आला नाही तर गुन्हा. रात्री अकरा वाजता तुम्ही स्कूटरवरून घरी येत असाल तर खुलासा देणं सोपं आहे. आधार कार्ड आहे, ऑफिसचं ओळखपत्र आहे, फोन लावायला बायको आहे. पालात राहणाऱ्याचा पत्ता काय? त्याच्या बायकोच्या पायातल्या चांदीच्या वाळ्यांची पावती कुठून येणार? कलम सर्वांना सारखं आहे, खुलासा करण्याची ऐपत सारखी नाही.

दुसरं, प्रतिबंधक कारवाई. ठाण्याच्या बोलीत 'चॅप्टर केस'. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेची कलमं १०९, ११० आणि १५१, जी १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १२८, १२९ आणि १७० झाली. ११० (आता १२९) खाली 'सवयीचा चोर' म्हणून एखाद्याकडून तीन वर्षांपर्यंत चांगल्या वर्तणुकीचा जामिनासह बाँड मागता येतो. त्यासाठी नवा गुन्हा घडायला लागत नाही. आणि सवय सिद्ध कशाने करायची? ११६(४) मध्ये लिहिलं होतं, आणि आताच्या संहितेतही ते तसंच आहे, की माणसाच्या सर्वसाधारण लौकिकावरूनही ती सिद्ध करता येईल. म्हणजे गाव त्याच्याबद्दल काय म्हणतं, हा पुरावा. पारध्याबद्दल गाव काय म्हणणार, हे वेगळं सांगायला नको. बाँड देता आला नाही तर तुरुंग. ग्रामीण भागात हे प्रकरण तहसीलदारांपुढे जातं. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांत कार्यकारी दंडाधिकाऱ्याचे अधिकार पोलीस अधिकाऱ्याकडेच असतात, म्हणजे कारवाई मागणारा आणि तिच्यावर निर्णय देणारा एकाच खात्यातला. माझ्या मते या सगळ्या रचनेतली ही सगळ्यात कमी चर्चा झालेली आणि सगळ्यात आक्षेपार्ह बाब आहे.

तिसरं हत्यार कोठडीत कामाला येतं. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आपल्याकडे पुरावा धरत नाहीत. पण जुन्या पुरावा कायद्याच्या कलम २७ ने, आणि आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ ने, एक फट ठेवली आहे. आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधाशी थेट संबंध असलेला कबुलीचा तेवढा भाग ग्राह्य धरला जातो. तरतूद तर्काला धरून आहे, कारण वस्तू सापडणं ही स्वतंत्र खूण असते. पण तिचा परिणाम असा, की तपासाचा सगळा भार 'रिकव्हरी'वर पडतो. सोनं वितळून गेलेलं, फिर्यादी तगादा लावून बसलेला, वर आढावा बैठक जवळ आलेली. अशा वेळी झडतीत घरचेच दागिने उचलून मुद्देमाल म्हणून दाखवतात, ही तक्रार पारधी वस्त्यांवर काम करणारे कार्यकर्ते वर्षानुवर्षं करत आले आहेत. विमुक्तांच्या घरातून आलेल्या आत्मकथनांनी हे जग मराठी वाचकापुढे ठेवून चाळीसेक वर्षं झाली. लक्ष्मण माने यांचं 'उपरा' १९८० चं, लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या' १९८७ चं, आणि दोन्हींना साहित्य अकादमी मिळाली. आपण पुस्तकांचा गौरव केला. चक्र चालूच राहिलं.

मग जामीन. न्यायालयाने जामीन मंजूर केला तरी जामीनदार लागतो, त्याची ऐपत दाखवणारे कागद लागतात. १९७८ मध्ये एका गवंड्याच्या प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी, जामीनदार याच जिल्ह्यातला हवा असा हट्ट धरणाऱ्या खालच्या न्यायालयाला फटकारलं होतं. तरी ज्याची सगळी सोयरीक पालातच आहे, त्याला सातबारा असलेला जामीनदार आजही मिळत नाही. तो आत राहतो. आत राहिलेल्या माणसाच्या नावावर हद्दीतल्या आणखी एक-दोन न सुटलेल्या घरफोड्या 'उघड' झाल्या, तर तक्रार कोण करणार? वहीत मात्र एकाच्या जागी तीन ओळी होतात.

हे चक्र किती दूर जाऊ शकतं याचं उदाहरण नाशिक जिल्ह्यातलं आहे. जून २००३ मध्ये शेतातल्या एका झोपडीवर रात्री दरोडा पडला. पाच जणांचे खून झाले, बलात्कार झाले. घटना अत्यंत क्रूर होती. भटक्या समाजातल्या सहा जणांना अटक झाली. २००६ मध्ये नाशिकच्या न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेत बदलली, तर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांची फाशी कायम केली. पुढे त्यांच्यातला एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन असल्याचं निघालं. प्रकरण फेरविचारासाठी पुन्हा उघडलं आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. रेकॉर्डमधली एक गोष्ट आधीच्या निकालांतून निसटली होती. वाचलेल्या प्रत्यक्षदर्शी महिलेने घटनेनंतर दोनच दिवसांत पोलिसांकडच्या फोटोंतून चार भलतेच लोक ओळखले होते आणि त्यांचा तपासच झाला नव्हता. हे सहा जण भटक्या जमातीतले, गरीब मजूर आहेत, त्यांना खोटं गोवलं जाण्याची शक्यता नाकारता येत नाही, असं न्यायालयाने म्हटलं, प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला लावली आणि चूक करणाऱ्या तपास अधिकाऱ्यांवर कारवाई करायला सांगितलं. तोवर सोळा वर्षं गेली होती. आणि ज्यांनी खरोखर ते खून केले त्यांना शिक्षा झालीच नाही. चुकीचा माणूस आत असतो तेव्हा बरोबर माणूस बाहेर असतो, हा मुद्दा पीडितांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी तर जास्तच लावून धरायला हवा.

न्यायालयं या वहीकडे कशी बघत आली? १९६२ चा खडकसिंग खटला इथे पायाभूत मानतात. उत्तर प्रदेशातल्या या माणसाला १९४१ मध्ये दरोड्याच्या आरोपात पकडून पुराव्याअभावी सोडलं होतं, तरी त्याच्या नावाने हिस्ट्रीशीट उघडलं गेलं आणि पोलीस मध्यरात्री दार ठोठावून तो घरी आहे का ते पाहत राहिले. सर्वोच्च न्यायालयाने रात्रीच्या भेटी घटनाबाह्य ठरवल्या, पण घरावर गुप्त नजर ठेवायला हरकत घेतली नाही, कारण खासगीपणाचा हक्कच घटनेत नाही असं तेव्हाचं बहुमत होतं. तो भाग २०१७ मध्ये, खासगीपणा हा मूलभूत हक्क मानणाऱ्या पुट्टस्वामी निकालाने पुसला गेला. मे २०२४ मध्ये दिल्लीतल्या एका आमदाराच्या प्रकरणात न्यायालयाने सांगितलं की हिस्ट्रीशीट हे पोलिसांचं अंतर्गत कागदपत्र आहे, त्यात अल्पवयीन मुलांची ओळख उघड करू नये, आणि विमुक्त, दलित, आदिवासी समाजातल्या लोकांच्या नोंदी यांत्रिकपणे होत नाहीत ना हे राज्यांनी तपासावं. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला, पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर, तुरुंग नियमावल्यांतल्या जातीवर आधारलेल्या तरतुदी रद्द झाल्या. काही नियमावल्यांत 'सराईत गुन्हेगार' या व्याख्येतच विमुक्त जमातींचा उल्लेख होता! १९५२ नंतर बहात्तर वर्षांनी. सराईत गुन्हेगार कायदेच रद्द करा, असं राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २००० मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीने २००७ मध्ये आणि नंतर दापोलीच्या भिकू रामजी इदाते यांच्या आयोगानेही सांगितलं. अनेक राज्यांत ते अजून आहेत.

टीकाकारांत इथे दोन मतं पडतात. एक गट म्हणतो, यंत्रणा दुरुस्त होऊ शकते. निवृत्त पोलीस महासंचालक प्रकाश सिंह यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये दिलेले सात निर्देश नीट अमलात आणा, तपास आणि बंदोबस्त वेगळे करा, पोलिसांविरुद्धची तक्रार पोलिसांबाहेरच्या संस्थेकडे जाऊ द्या. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायदा बदलून राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाची तरतूद केलीही. दुसरा गट म्हणतो, भटकेपण आणि गरिबी हा विषय पोलिसांकडे असावाच का? घरकुल, जातीचा दाखला, शाळा, गायरानावरची जमीन हे प्रश्न सुटले की निम्मा 'संशय' आपोआप ओसरेल. प्रशिक्षणाने फक्त वही सुबक होईल. मला दुसरा गट मुळाच्या जास्त जवळ वाटतो. पण उद्या पहाटे गाडी येणार आहे त्या माणसाला पहिल्या गटाचे नियमच उपयोगी पडतील, हेही खरं.

पोलीस आणि समाज यांचा संबंध वेगळ्या रीतीने जुळवण्याचा एक गाजलेला प्रयोग आपल्याकडेच झाला. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी होरपळलेल्या भिवंडीत पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. हिंदू-मुस्लिम शेजारी आणि हद्दीतला पोलीस नेमाने एकत्र बसू लागले, आणि १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. पोलिसाला वस्ती माहीत झाली ती वहीबाहेर, भांडण नसतानाही. मात्र या प्रयोगाची नक्कल करताना एक गोष्ट हमखास सुटते. ठाण्यात 'पोलीस-जनता संवाद' भरतो तेव्हा त्या जनतेत कोण असतं? व्यापारी संघाचे अध्यक्ष, पोलीस पाटील, मंडळांचे कार्यकर्ते. पालातला माणूस तिथे नसतो, तो चर्चेचा विषय असतो. जनतेची मागणी बहुतेक वेळा 'त्यांना हलवा' हीच असते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात राईनपाड्याच्या आठवडे बाजारात सोलापूर जिल्ह्यातून आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना, मुलं पळवणारे समजून, जमावाने ठेचून मारलं. तिथे ना हिस्ट्रीशीट होतं ना आढावा बैठक. अनोळखी भटका म्हणजे चोर, हे गावाला पाठ होतं. पोलिसांची वही समाजाच्या मनातूनच भरली जाते आणि 'सराईत टोळी जेरबंद' अशा मथळ्यांतून समाजाकडेच परत येते.

म्हणूनच या चक्रात सामान्य माणसाला हात घालता येईल अशी एक जागा आहे, ती सांगून थांबतो. अटकेचा कागद होताना त्यावर वेळ आणि तारीख हवी आणि घरच्या माणसाची किंवा त्या भागातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही हवी, हा सर्वोच्च न्यायालयाचा डी. के. बसू प्रकरणातला १९९६ चा दंडक आता संहितेतच आहे. झडतीला त्याच भागातले दोन स्वतंत्र पंच लागतात आणि नव्या संहितेने झडतीचं चित्रीकरणही सक्तीचं केलं आहे. अटकेपासून चोवीस तासांत, प्रवासाचा वेळ वगळून, दंडाधिकाऱ्यापुढे उभं करावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०२० च्या आदेशाप्रमाणे ठाण्यातल्या सीसीटीव्हीचं चित्रण अठरा महिने जपून ठेवायचं असतं, ते मागता येतं. हे सगळे नियम कागदावर मजबूत आहेत आणि पालाच्या दारात लुळे पडतात, कारण तिथे पंच म्हणून पोलिसांच्या नेहमीच्या ओळखीतले दोघं येतात. कायद्याने म्हटलेली ती 'प्रतिष्ठित व्यक्ती' म्हणजे गावातला शिक्षक, दुकानदार, निवृत्त कारकून, तुम्ही. तुमच्या गावाच्या माळावर पहाटे गाडी थांबली तर तिथे जा, अटकेची वेळ कागदावर लिहिली गेली का ते पाहा, झडतीत काय सापडलं आणि काय सापडलं नाही ते वाचा, आणि वाचल्याशिवाय सही करू नका.